माळीकाकांचा रसेट

माळीकाकांनी बांधून दिलेलं सफरचंदाचं कलम मी पहिल्याच वसंतात मेलं समजून छाटलं, आणि खालच्या खुंटातून फुटलेला रानटी फुटवा नऊ वर्षं जपला.

माळीकाका म्हणजे साउथहॅम्प्टनमधले आमचे रिटायर्ड ॲनेस्थेटिस्ट. आडनाव वेगळंच, माळी आम्ही केलं. त्यांच्या बागेच्या टोकाला रसेट जातीच्या सफरचंदाचं जुनं झाड होतं. फळ तपकिरी, खरखरीत, दिसायला थेट बटाटा. ऑक्टोबरात ते एकेक फळ वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजमध्ये रचायचे आणि बजावायचे, "ख्रिसमसच्या आधी हात लावायचा नाही. तोवर तो बटाटाच." ख्रिसमसला मात्र चहाबरोबर एकेक फोड आमच्या हातावर ठेवायचे. साल सुरकुतलेली, पण चव अशी की बोलणारी माणसं गप्प व्हायची.

दुसरी सवय आयुष्यभर भूल देण्याच्या नोकरीची. कुणी घाबरलं की, "काही होत नाही, मी आहे ना." माझ्या झाडाला पहिली फळं धरली ती हिरवी, गुळगुळीत, आंबटढाण. एक घेऊन मी धावत गेलो. "काका, हे ब्राउन का नाही?" त्यांनी चावा घेतला, एक डोळा बारीक केला. "येईल रे रंग. झाड नवीन आहे. काही होत नाही." पुढे दर वर्षी हेच. बायको त्या फळांची चटणी करायची आणि मी पाहुण्यांना ऐटीत "आमचा रसेट" दाखवायचो.

मग काकांनी घर विकलं. ते मुलीकडे केंब्रिजला निघाले. नवे मालक झाड पाडून तिथे एक्स्टेन्शन बांधणार होते. मी छाती पुढे काढली. "काका, डोन्ट वरी. झाड माझ्याकडे आहे."

"झाड पिनरला सुधाकरकडे आहे," काका खोक्यात पुस्तकं भरत म्हणाले. "त्याला कलम दिलं होतं. यंदा फळं धरलीत, अगदी बटाटे. तुझ्याकडे नुसता खुंट आहे. पहिल्याच फळाला कळलं मला."

सुधाकर माझा कॉलेजपासूनचा मित्र, लंडनजवळच्या पिनरमध्ये राहणारा. काकांकडे त्याला मीच नेलं होतं. दर ख्रिसमसला आमच्याकडची चटणी बरणीभर न्यायचा आणि वर म्हणायचा, "रसेटची मजाच वेगळी!"

माझा आवाज चढला. "इतकी वर्षं दोघं मिळून मला फसवत होतात? एकदा बोलला असतात, तर मी लगेच दुसरं कलम नेलं असतं!"

काकांनी खोक्यावर टेप ओढली.

"म्हणूनच नाही बोललो. तेही मारलं असतंस."