गडचांदूरच्या दुकानासाठी कॉम्प्युटर

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दादा वारला. त्याच आठवड्यात त्याच्या दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला.

गडचांदूरला ट्रकवाल्यांची बिलं, कागदपत्रं करून देण्याचं त्याचं दुकान होतं. वहिनीचं घर त्यावरच चालायचं. मी कॉलेजात तासिकांवर शिकवणारा. आता दुकान आम्ही दोघांनी बघायचं ठरलं. मला मात्र तिथे बसवेना. खुर्चीत टेकलो की उठायचो, रस्त्यावर जाऊन सिमेंटचे ट्रक बघत उभा राहायचो, पुन्हा आत यायचो. गिऱ्हाईक आलं की दादाबद्दल विचारणार, म्हणून पुन्हा बाहेर.

कॉम्प्युटर घ्यायला आम्ही चंद्रपूरला गेलो. काम काय ते ऐकून विक्रेता म्हणाला, "मग लॅपटॉप घ्या ना सर. लाइट गेली तरी चालते." मला ते लगेच पटलं. मी तो उचलून पाहिला, ठेवला, पुन्हा उचलला.

वहिनीने लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"भाऊजी, हा घरी नेता येते का?"

"हो, कुठंही."

"मंग नको."

"काऊन हो बाई?" विक्रेत्याने विचारलं.

"भाऊजी घरी बसूनच बिलं करतीन. चार दिवसांनी शटर उघडाचंच बंद. ट्रकवाले काय माह्या सैपाकखोलीत येतीन?"

विक्रेता हसला. मला हसता आलं नाही. दुकानात जावं लागणार नाही, एवढंच पाहून मी तो निवडला होता.

मी विजेचं कारण पुढे केलं. "लाइट गेली त बॅटरी आहे दुकानात, तुमच्या दादानं आणलेली," ती म्हणाली आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या मोठ्या डब्याकडे वळली. "याचं झाकण उघडते?" विक्रेत्याने स्क्रू दाखवले. आमच्याकडे सिमेंटची धूळ आतल्या पंख्यात जाऊन बसते. दादा डबा उघडून समोरच्या पंक्चरवाल्याकडे हवा मारून आणायचा. हे मला माहीत होतं, तरी मी बोललो नव्हतो.

"हाच द्या," वहिनी म्हणाली. "अन् भाऊजी, तुमाले करमत नसन तर सांगा. मी शिकून घेईन. पण दुकान बंद नाई होणार."

परतताना बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता. बस कोरपन्याच्या रस्त्याला लागली. मग ती म्हणाली, "बिल कसं काढतेत, ते उद्या दाखवा."

दुकान चालू आहे. सकाळी मी बसतो, दुपारनंतर वहिनी.