पाया पडून निघा

दहावीच्या निरोप समारंभात माझं भाषण ठरलेलं असायचं. बावीस वर्षं मी ते केलं. आता करत नाही. आमच्या शिपाईमामांना ते तोंडपाठ होतं. मी उठलो की ते चिवड्याच्या बश्या भरायला घ्यायचे, म्हणजे माझं संपेपर्यंत बरोबर शेवटची बशी भरून व्हायची. भाषणात दोन गोष्टी हमखास असत. एक, पेपरला निघताना आई आणि वडील, दोघांच्याही पाया पडून निघा, एकाला वगळून नाही. दुसरी, अकरा वाजता फाटक बंद होतं आणि त्यानंतर मी कुणाला ओळखत नाही. पहिलीला मुली डोळे पुसायच्या, दुसरीला मुलं हसायची. मला दोन्ही आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. मधल्या रांगेत बसायची. वहीला समास आखा म्हणून जूनमध्ये एकदा सांगितलं, तर मार्चपर्यंत प्रत्येक पानावर समास आखणारी. घरचे केम गावाकडचे. शेती भावावर सोडून वडील सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर रात्रपाळीला लागले. माझ्या विषयात, म्हणजे मराठीत, तिला चांगले मार्क पडायचे. अशा मुलांकडे शिक्षकांचं फारसं लक्ष नसतं, कारण त्यांचा काही त्रास नसतो. माझंही नव्हतं.

पहिलाच पेपर मराठीचा. केंद्र आमच्याच शाळेत आणि फाटकावर माझी ड्यूटी. भरारी पथकाची गाडी सकाळीच एक चक्कर मारून गेली होती, त्यामुळे मुख्याध्यापक घायकुतीला आले होते. अकरा वाजले तशी मी कडी घालून कुलूप लावलं. सात मिनिटांनी ती सायकलवरून आली. घामानं निथळत होती. सायकल स्टँडवर न लावता तशीच आडवी टाकली आणि गज धरून म्हणाली, "सर, सातच मिनिटं."

मी म्हणालो, "काय सांगितलं होतं मी?"

तिनं मान खाली घातली. उशीर का झाला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं तेच सांगितलं असतं. मला त्या क्षणी स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता. लिहायचंच तर तेही लिहितो. ती बारा वाजेपर्यंत फाटकाबाहेर उभी होती. मग सायकल उचलून गेली.

संध्याकाळी तिचे वडील शाळेत आले. भांडायला आले असतील म्हणून मी नियमाचा कागद टेबलावर काढून ठेवला होता. त्यांनी स्टाफरूमच्या बाहेर चपला काढल्या, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सांगू लागले ते असं. सकाळी आठला पाळी सुटते, पण त्या दिवशी बदलीचा माणूस आलाच नाही, म्हणून त्यांना मागावरच थांबावं लागलं. इकडे मुलगी घरी वाट बघत बसली. साडेनऊला आई म्हणाली, माझ्या पाया पडलीस, बास झालं, जा आता. ती म्हणाली, सरांनी दोघांच्या सांगितलंय. आणि सायकल घेऊन उलट्या दिशेला एमआयडीसीत गेली. वॉचमन आत सोडेना. बाहेरून आत निरोप जायला वेळ लागला, मग माग बंद करून ते फाटकाशी आले, ती पाया पडली आणि निघाली.

"तुमी सांगितलंतं की, दोघांच्या बी पाया पडा म्हणून," ते म्हणाले. "पोरगी लई ऐकती तुमचं. चुकलं तिचं. फुडच्या पेपरला लवकर धाडतो."

मी बरं म्हणालो. ते गेल्यावर कागद परत फायलीत लावला. घरी जाऊन जेवलो, बातम्या बघितल्या, झोपही लागली. मला काहीच वाटलं नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर आपण सारखी जीभ लावून बघतो, तसा मी पुढं कितीतरी दिवस तपासत होतो. अजून तपासतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, नियमच आहे, तुम्ही काय करणार. तेही ऐकून घेतलं.

बाकीचे सगळे पेपर तिनं वेळेत येऊन दिले. मराठीचा पुरवणी परीक्षेत दिला आणि पास झाली. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आली. स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो. वडिलांच्या कारखान्यात शिलाईवर एक जागा झाली होती, आणि अकरावीचे प्रवेशही अजून चालू होते. घरात काही ठरत नव्हतं. आईचं एक मन होतं, आजीचं दुसरं. म्हणून ती विचारायला आली होती.

"पप्पा म्हणाले, सर म्हणतील तसं करू," ती म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी देता येतं. शिक, म्हणायचं. बसचा पास, फी माफीचा अर्ज, कॉलेजातला ओळखीचा क्लार्क, सगळं माझ्याकडे तयार असतं. कितीतरी मुलींना मी तसं पाठवलं आहे. त्या दिवशी तो एक शब्द बाहेर पडेना. मी जे सांगेन ते ही करणार, एवढंच डोक्यात होतं. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती, नुसतं कोरडं वाटत होतं.

"पप्पांनाच विचार बाळ," मी म्हणालो. "घरचे सांगतील तसं कर."

"त्यांनीच धाडलंय सर."

मी पेढा हातात धरून बसलो. मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मग "बरं सर" म्हणाली आणि गेली.

तिनं तेही ऐकलं. ऑगस्टपासून ती टॉवेलच्या कडा शिवते.