वणव्याच्या दुपारी दवाखान्यात आलेला फोन

भूत-भानामती मी कधी मानली न्हाय, आजबी मानत न्हाय. चौथी शिकलेला माणूस मी, जन्म गुळाचे रवे, म्हंजे ढेपा, उचलण्यात गेला. पर ही गोष्ट सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाय.

माझी बायको शालन कोल्हापुरात एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला सिस्टर होती. डॉक्टरांवर बी खेकसायची. दिवाळीत ती गेली... अन् पुढच्या उन्हाळ्यात मी लेकीकडं गेलतो, कोडोलीला, डोंगराकडंच्या वस्तीवर. नव्वद सालानंतरची गोष्ट, मोबाईल न्हवते.

तिकडं रीत हाय — पुढच्या साली गवत चांगलं यावं म्हणून डोंगर पेटवायचा. त्या दुपारी वारं फिरलं, जाळ वस्तीत शिरला. माझी लेक मंगल म्हशी सोडायला गोठ्यात घुसली अन् धुरानं तिथंच पडली. बाहेर काढली तवा शुद्ध न्हाय. आणखी चार-पाच जण भाजलेले. सगळ्यांना टेम्पोत घातलं. वाटभर एकच — पोरगी तेवढी वाचू दे.

शालनच्याच दवाखान्यात पोचलो, तर दारात स्ट्रेचर ओळीनं उभी! खाटा मोकळ्या, ऑक्सिजनचे सिलिंडर काढलेले. एक नवा डॉक्टर पळत आला.

"कोडोलीचे ना? दोन जिवांची बाई कुठाय? तिला आधी घ्या!"

"तसली कोण न्हाय," मी म्हटलं.

जावई मंगलकडं बघत बोलला, "हाय, मामा. अजून कुणाला सांगितलं न्हवतं."

मंगल वाचली. पोटातलं बी. जरा उशीर झाला असता तर दोघं गेली असती, डॉक्टर म्हणाला.

"तुम्हास्नी कळवलं कुणी?"

"एका सिस्टरचा फोन आला. काय झापलं हो मला! 'लेकरा, चहा मागनं पी. डोंगर पेटलाय, खाटा मोकळ्या कर.' कुठं असतात त्या?"

शेजारी जुना वॉर्डबॉय म्हादबा उभा. "दादा, फोन आधी मी उचलला. वहिनीच की. मला म्हणाल्या, 'म्हादबा, आ वासून उभा राहू नको, सिलिंडर काढ.' ...मी खांदा दिलाय हो त्यांना."

"माझी बायको ती," मी डॉक्टरला छाती काढून सांगितलं.

मागनं कळलं, वणव्यात तारा जळालेल्या. कोडोलीतला एकबी फोन त्या दुपारी चालू न्हवता. मग आला कुठनं? तवापास्नं त्या दवाखान्यात उन्हाळा लागला की कॅज्युअल्टीत सिलिंडर अन् खाटा तयार ठेवत्यात. "शालनताईंची तयारी" म्हणत्यात.

म्हादबाला मी विचारलं होतं, "माझ्याबद्दल काय बोलली का रं?"

"न्हाय, दादा."

बरोबर हाय. ड्युटीवर असताना ती घरचं कधी बोललीच न्हाय.