बोळेकाकूंनी बुजवलेलं भोक

बोळेकाकू हे नाव त्यांना गल्लीतल्या पोरांनी ठेवलं आणि ते त्यांना शोभलंही. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात कातरण उरायचंच. दुसरीने त्याची पायपुसणी केली असती. काकू त्याचे बोळे वळत आणि दिसेल त्या फटीत कोंबत. मोरीचं भोक, चौकटीतली चीर, पाइपाभोवतीची जागा, जिकडे बघावं तिकडे कुणाच्या तरी गणवेशाचं नाहीतर पडद्याचं टोक बाहेर डोकावत असे. फटीतून झुरळ येतं, पाल येते, वारा येतो, आणि काहीच आलं नाही तरी काहीतरी येईल या विचाराने झोप येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"एक दिवस माझ्या नाकातही बोळा घालशील, वहिनी," वन्सं म्हणत.

यजमान गेल्यापासून घरात या दोघीच. वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. पुढच्या खोलीत काकूंचं मशीन, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून वन्संचा पलंग. बाहेर जायचं दार एकच, तेही मशीनच्या खोलीत.

गेल्या उन्हाळ्यात दोरीवरचे कपडे काढताना वन्संना मानेवर गांधीलमाशी डसली. काकू चुना शोधेपर्यंत ओठ सुजले, घसा बसला आणि श्वासाची शिट्टी वाजायला लागली. वन्संना गप्प झालेलं काकूंनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"थोडक्यात वाचल्या," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा डसली तर दवाखान्यापर्यंत वेळ मिळेलच असं नाही. हे इंजेक्शन लगेच मांडीत टोचायचं आणि मग निघायचं."

वन्सं वस्तू हरवण्यात पटाईत, म्हणून ते इंजेक्शन एका पत्र्याच्या डबीत घालून काकूंनी मशीनच्या खणात ठेवलं.

यंदा मशीनच्या खोलीच्या खिडकीवर, बाहेरच्या बाजूला, फळी आणि भिंत यांच्यामधल्या भोकात पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या ये-जा करताना दिसल्या, तेव्हा काकूंच्या हातातली कात्री खाली पडली. पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. वन्संची एक भाची "माझ्याकडे राहायला ये" म्हणून कधीची मागे लागली होती. घरात पोळं आहे म्हटल्यावर वन्सं जाणार, आणि मग या घरात आपण आणि आपले बोळे.

"वहिनी, भिंतीत कुणीतरी कागद चावतंय गं," वन्सं एकदा म्हणाल्या.

"उंदीर असेल."

"तुझ्या घरात उंदीर शिरेल? त्याला परवाना लागेल."

काकू हसल्या नाहीत. त्याच दुपारी, माश्या बाहेर उंडारत असतील असा हिशेब करून, त्यांनी जाड पडद्याच्या कापडाचा मोठा बोळा वळला, झाडूच्या दांड्याने भोकात ठासला आणि धावत घरात येऊन दार लावलं. परतलेल्या माश्या खिडकीबाहेर घिरट्या घालत राहिल्या. पण भोक बंद झालं होतं, आणि भोक बंद झालं म्हणजे प्रश्न मिटला, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून त्या मशीनकडे निघाल्या आणि दारातच थिजल्या. खिडकीची काच हलत होती. म्हणजे काच नव्हे, काचेवरच्या माश्या. छताच्या कोपऱ्यात, दिव्याची वायर जिथे भिंतीत शिरते तिथला गिलावा ओला झाल्यासारखा काळपट दिसत होता, आणि त्यातून एक डोकं बाहेर आलं. मग दुसरं.

काकूंनी दार ओढून घेतलं. टॉवेल, फडकी, चिंध्या, हाताला लागेल ते दाराखाली कोंबलं.

"काय झालं? चेहरा का असा पडलाय?" वन्संनी पलंगावरून विचारलं.

काकूंनी सगळं सांगितलं. वन्सं एवढंच म्हणाल्या, "फोन दे इकडे."

माश्या मारणाऱ्या फवारणीवाल्याचा नंबर लावून त्यांनी फोन काकूंच्या हाती दिला; त्याने वन्संच्या दुखण्यासकट सगळं ऐकून घेतलं. "बुजवलंत? अहो, बाहेरची वाट बंद केली की त्या आतून कुरतडत येतात. आता बोळा काढायला जाऊ नका, चवताळतील. खोली बंद ठेवा, त्या आजारी बाईंना आधी बाहेर काढा."

"बाहेरचं दार त्याच खोलीत आहे," काकू म्हणाल्या.

"मग त्यांचं औषध हाताशी ठेवा. दिवस मावळताना येतो, तेव्हा त्या सगळ्या पोळ्यात परतलेल्या असतात."

फोन ठेवताना काकूंना खण आठवला. वन्संनाही आठवला असणार.

"जायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "दार बंद आहे, फट एकही नाही. तुझ्या तुरुंगाचा एकदा तरी उपयोग होऊ दे."

तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि त्या गप्प झाल्या. गजांच्या आतल्या काचेवर एक गांधीलमाशी चालत होती. काकूंच्या मागोमागच आत आली असावी.

ते गप्प होणं काकूंना सोसलं नाही. त्यांनी मच्छरदाणी सोडली, तिच्या कडा गादीखाली घट्ट खोचल्या.

"जाळीखालचा केक दिसत असेन," वन्सं म्हणाल्या.

काकूंनी यजमानांचा जुना रेनकोट चढवला, गळ्याशी टॉवेल गुंडाळला, हातांत मोजे घातले. दार जेमतेम अंग जाईल एवढं उघडून त्या आत शिरल्या आणि मागे लावून घेतलं. गुणगुण अंगावर आल्यासारखी वाटली. झटकू नकोस, पळू नकोस, असं स्वतःला बजावत त्या भिंतीला घासत मशीनपर्यंत गेल्या आणि खण ओढला.

खण हलेना. मशीन चालताना खडखडतो म्हणून त्यात बोळा त्यांनीच ठोकला होता.

मोज्याने पकड येईना. त्यांनी मोजा काढला, नखांनी चिंधी ओढली. एक माशी बाहीवर उतरली, मनगटाकडे चालत आली. काकूंनी श्वास रोखला. चिंधी सुटली, खण निघाला, डबी हातात आली आणि त्याच वेळी अंगठ्याच्या मुळाशी निखारा ठेवल्यासारखं झालं. त्या न ओरडता डबी घेऊन परत आल्या, दार लावून फडकी पुन्हा खाली कोंबली.

"डसली?" जाळीतून वन्सं.

"सुई लागली."

"जन्मभर सुया लागतायत तुला. अशी कधी सुजलीस? हात पाण्यात घाल आणि इथे जाळीत ये. समोर बस. बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तुझा घसा बसतोय का बघू दे मला."

मग उरलेली दुपार दोघी मच्छरदाणीत गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. काचेवरची माशी कधी पडद्यामागे जाई, कधी पुन्हा दिसे, आणि ती दिसत नसे तेव्हा जास्त भीती वाटे. काकू बोलत राहिल्या. गिऱ्हाइकांच्या चुकलेल्या मापांबद्दल, यजमानांच्या घोरण्याबद्दल. जरा थांबल्या की वन्सं डबी मुठीत आवळून म्हणत, "बोल गं." भाचीबद्दलही काकू बोलल्या, मान वर न करता.

दिवस मावळताना फवारणीवाला आला. काकूंनी मागच्या खिडकीच्या गजांतून त्याला बाहेरच्या दाराची किल्ली दिली. पांढऱ्या पोशाखात त्याने आधी बाहेरचा बोळा उपसला, भोकात भुकटी मारली, मग खोलीतल्या आणि पडद्यामागच्या माश्यांचा बंदोबस्त केला.

"भोक आता काही दिवस उघडं ठेवायचं. उरल्यासुरल्या माश्यांची ये-जा पूर्ण थांबली की मगच सिमेंट. तोवर बोळा नाही, काकू."

"उघडं?" काकूंचा चेहरा वन्संना डसली होती तेव्हापेक्षाही पांढरा पडला.

भाचीचा फोन आला तेव्हा काकू सुजलेला हात मांडीवर घेऊन भोकाकडे टक लावून बसल्या होत्या. दुसऱ्या हातात, कधी वळला कोण जाणे, एक बोळा होता.

"नाही गं बाई," वन्सं फोनवर म्हणाल्या. "मला कुठे यायला जमतंय? इथे एक भोक उघडं आहे, आणि राखणीला ही एकटी." मग फोनवर हात ठेवून त्या ओरडल्या, "वहिनी, बोळा खाली."

काकूंनी बोळा खाली ठेवला, आणि मग तो पायानेच जरा जवळ ओढून घेतला.