त्याला म्हणावं

चार मास्तर एकत्र आले की पगाराचं बोलतात, चार डॉक्टर आले की पेशंटचं. आमच्या बॅचचे चौघं परळीला स्टेशनसमोरच्या हॉटेलात जमले की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "तो पंख्याचा सांग ना." हॉटेलवाल्याला आमचे निम्मे किस्से पाठ झालेत. मध्येच थांबलो तर पुढचं तो सांगतो.

आम्ही संवादशास्त्रात एम. ए. केलं. विभाग म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची एक खोली. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी बोट फिरवलं की थर्मल वीजकेंद्राची राख हाताला यायची. विद्यार्थी सात आणि सर एक, बनसोडे सर. सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "लिहून घ्या." वर्गात कुणी शिंकलं तरी म्हणायचे, "हाही संदेशच आहे, लिहून घ्या." माझ्या वहीत चार ठिकाणी शिंक लिहिलेली आहे.

* * *

पहिल्याच तासाला सर म्हणाले, "बोलणाऱ्याचं म्हणणं ऐकणाऱ्यापर्यंत पोचताना मध्ये जो अडथळा येतो, त्याला नॉइज म्हणतात." हे वाक्य आम्हाला नंतर पुस्तकात वाचून कळलं, कारण डोक्यावरचा पंखा इतका खडखडत होता की सरांचे नुसते ओठ हलताना दिसले. सरांनी वर बोट केलं आणि ओरडून सांगितलं, "हे उदाहरण! लिहून घ्या!"

मागच्या बाकावरून शकील उठला. शकील म्हणजे बसस्टँडमागच्या गॅरेजवाल्या रशीदचाचांचा मुलगा. गाडी नुसती ऐकून तिच्यात काय बिघडलंय ते सांगायचा. त्यानं मिनिटभर मान वर करून पंखा ऐकला.

"सर, बेअरिंग गेलंय. दहा मिन्टाचं काम हाय, उद्या पाना आणतो."

सर खरोखर घाबरले. "हात लावायचा नाही. मग मी नॉइज कशावर शिकवू?"

पंखा तसाच राहिला. परळीच्या उन्हाळ्यात तो बंद करायची तर कुणाची छातीच नव्हती. दोन वर्षं आम्ही संवादशास्त्र सरांच्या ओठांवरून शिकलो.

* * *

माझं गाव सिरसाळा. मी रोज जीपनं परळीला जायचे. आमच्या चुलत्यांना या शिक्षणाचा फार राग. एकदा पाहुण्यांसमोरच त्यांनी विचारलं, "वंदे, तिथं शिकवतेत काय नेमकं?"

मी म्हटलं, "माणसं एकमेकांशी कसं बोलतात ते."

"आन् त्याला दोन वर्सं?" चुलते म्हणाले. "तुझी चुलती तीन दिस झालं माझ्याशी बोलंना. कावून, ते सांग. मग मी तुझी फी भरतो."

मी आत जाऊन चुलतीला विचारलं. ती म्हणाली, "त्याहिलाच इचार." बाहेर येऊन चुलत्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला ठावं आस्तं तर तुला कावून इचारलं आस्तं?" अशा चार खेपा मी मारल्या. पाचव्या खेपेला चुलतीनं माझ्या हातात चहाचा ट्रे दिला, त्यात चुलत्यांचा कप नव्हता. सरांना सांगितलं तर म्हणाले, "उत्तर ट्रेमध्ये आहे." फी शेवटी वडिलांनीच भरली.

* * *

न बोलता माणसं काय सांगतात, ते बाजारात उभं राहून टिपायचं, असं एक प्रात्यक्षिक होतं. आम्ही सातही जण सिरसाळ्याच्या आठवडी बाजारात वह्या घेऊन उभे राहिलो. सरांची सूचना स्पष्ट होती, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं.

पाच मिनिटांत वजनकाटेवाल्यांनी काटे झाकले. दहा मिनिटांत एका म्हातारीनं शकीलच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स दिली. तो बोलू शकत नव्हता, त्यानं ती घेतली. ते बघून मागं दुसरी उभी राहिली. अर्ध्या तासात त्याच्यापुढं चाळीसेक बायांची रांग, आणि रांगेतून आवाज, "सायेब लई चांगलं हाय, कायबी न बोलता कागद घेतंय."

सगळ्या झेरॉक्स आम्ही दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं नेऊन दिल्या. तलाठी आमच्याशी वर्षभर बोलला नाही.

* * *

नंतरचं प्रात्यक्षिक ऐकण्याचं. एका माणसाचं तासभर ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, घड्याळ बघायचं नाही. माझ्या वाट्याला आमच्या भागातले एक पुढारी आले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सभेत अण्णा उभे राहिले की लोक खुर्च्या मोजायला लागत, इतकं लांब बोलायचे.

मी समोर बसले. पहिली पाच मिनिटं अण्णा विकासावर बोलले. मग थांबले आणि म्हणाले, "तुझं काम काय हाय?"

मी मान हलवली, काही नाही.

"बदली? दाखला? भावाची नोकरी?"

मी पुन्हा मान हलवली. अण्णा गोंधळले. काही न मागता ऐकत बसलेलं माणूस त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग ते बोलायला लागले. शाळेत असताना नाटकात त्यांना बाईचं काम दिलं होतं ते, पहिली निवडणूक हरल्यावर विहिरीवर जाऊन बसले होते ते, सगळं. तीन तास गेले. मला त्या माणसाची दया आली, आणि भूकही लागली होती.

पुढच्या गुरुवारी विभागाच्या दारात पांढरी गाडी थांबली. अण्णा एकटेच उतरले. आत डोकावून हळूच म्हणाले, "आज हाय का कुनी ऐकाया?"

* * *

आता शकीलचं. त्याच्या घरी ईदला शिरखुर्मा प्यायला गेलो तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. रशीदचाचा आणि शकील जेवायला अंथरलेल्या एकाच दस्तरखानाशी मांडीला मांडी लावून बसलेले. चाचांना पाणी हवं होतं आणि जग शकीलच्या हाताशी होता. चाचांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक दिली, "उसकू बोल, जग इधर सरका."

आतून अम्मी ओरडली, "शकील, अब्बा बोल रे, जग सरका."

शकीलनं जग सरकवला आणि म्हणाला, "अम्मी, उनकू बोल, पानी ठंडा नै."

हे दीड वर्ष चाललेलं होतं. शकीलनं गॅरेज सांभाळावं, असा हात आणि असा कान पुन्हा मिळायचा नाही, असं चाचांचं म्हणणं होतं. शकीलनं एम. ए.चा फॉर्म भरला त्या दिवसापासून चाचांनी त्याच्याशी सरळ बोलणं सोडलं. तो रोज कॉलेज सुटल्यावर गॅरेजात कामाला जायचाच, पण तिथंही तेच. तिथं अम्मीचं काम गिऱ्हाईक करायचं. चाचा गाडीखालून म्हणायचे, "पाव्हणं, त्याला म्हणावं, तेरा-चौदाचा पाना दे." पाव्हणं म्हणायचे, "तेरा-चौदाचा पाना दे रे." नेहमीची गिऱ्हाईकं तर न सांगताच निरोप पोचवायला लागली होती.

अम्मी एकदा माहेरी अंबाजोगाईला गेली होती. गॅरेजात एकही गिऱ्हाईक नव्हतं. चाचांना पाना सापडेना. त्यांनी मोबाईल काढला, अंबाजोगाईला फोन लावला आणि दोन वाक्यं बोलून ठेवला. लगेच चार फुटांवर उभ्या असलेल्या शकीलचा फोन वाजला. अम्मी विचारत होती, "अब्बा पूछ रे, पाना किधर रख्या?"

हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. शकीलही हसला. मग स्टेशनवर चहा पिताना म्हणाला, "डिग्री मिळू न्हाईतर न मिळू, वंदे. अब्बांनी एकदा नाव घिऊन हाक मारावी बस." त्यावर आम्ही सहाही जण आपापला चहा बशीत ओतायला लागलो. संवादशास्त्राचं शेवटचं वर्ष होतं.

* * *

सरांना हे कळलं आणि त्यांनी शकीलच्या प्रबंधाचा विषयच ठरवून टाकला.

"घरची गोष्ट, सर? लोक काय म्हनतेल?" शकील म्हणाला.

"लिहून घे," सर म्हणाले.

त्यानं लिहिलं. संदेश देणारा कोण, घेणारा कोण, मध्यस्थ कोण, सगळं आकृत्या काढून. एका आकृतीत तर अंबाजोगाईचा टॉवरही होता. प्रबंधाची बांधलेली, सह्या झालेली प्रत हातात आली आणि तोंडी परीक्षेच्या दोन दिवस आधी हरवली. रिक्षा शोधल्या, झेरॉक्सचं दुकान पालथं घातलं. शकील म्हणाला, "गॅरेजात बघायला मन व्हईना. तिथं आसंल तर अब्बांनी उघडली आसंल." सरांनी सांगून टाकलं होतं, सह्यांची प्रत नसेल तर परीक्षा नाही, वर्ष जाईल.

मे महिना होता. बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या मॅडम रुमालानं वारा घेत बसल्या होत्या. डोक्यावर पंखा खडखडत होता. आम्ही बाकीचे सहा जण मागच्या बाकांवर बसलो होतो आणि शकील भिंतीपाशी रिकाम्या हातांनी उभा होता.

"प्रत कुठंय?" मॅडमनी ओरडून विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याला ऐकू गेलं. तो काही बोलायच्या आत दारात चप्पल काढल्याचं दिसलं.

रशीदचाचा होते. अंगावर गॅरेजचेच कपडे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्रबंध. आत येऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला. मॅडमनी उघडला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा होता, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

शकीलचा चेहरा मला बघवेना.

चाचा सरांकडं वळले. पंख्यामुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं. "सर, त्याला म्हणावं, समदं बराबर लिवलंय. पान्याचं बी बराबर हाय. पर पान एकतीसवर चूक हाय."

सरांनी पान एकतीस काढलं. त्यावर चाचांनी शकीलशी सरळ बोललेलं शेवटचं वाक्य दिलेलं होतं, फॉर्म भरला त्या दिवशीचं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं, "आज के बाद मेरे दुकान में तेरा काम नै."

"मी आसं म्हनलो न्हवतो," चाचा म्हणाले.

"मग काय म्हणाला होतात?" मॅडमनी विचारलं.

चाचांनी मॅडमकडं बघितलं, सरांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता निरोप माझ्या हाती येणार, आणि मी उठायच्या तयारीत बसले. पण चाचा माझ्यावरून नजर काढून भिंतीपाशी उभ्या असलेल्या पोराकडं वळले.

"तूच बोल ना रे शकील. मैं ऐसा बोल्या था क्या?"

शकीलचे ओठ हलले. काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही, चाचांनाही नाही. चाचांनी कानामागं हात धरला आणि एक पाऊल पुढं टाकलं.

बनसोडे सर खुर्चीवरून उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंखा बंद केला.