उभं कडं

कळमनुरीचे चाँद पाशा दुकानांच्या पाट्या रंगवतात, पण त्यांचा खरा जीव शाळांच्या भिंतींवर. पाटी चुकली तर दुकानदार ओरडतो, भिंत चुकली तर लेकरं चुकतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा कुठल्याशा शाळेत त्यांच्या नकाशातली हिंगोली परभणीच्या खाली उतरली आणि अख्ख्या वर्गानं परीक्षेत तसंच लिहिलं. ते त्यांच्या मनाला अजून लागून आहे.

आमच्या शाळेत त्यांनी सूर्यमाला काढली. खिळ्याला दोरी, दोरीला खडू, की ग्रह गरगरीत गोल. गुरूवर तांबडा ठिपका, शनीला रुंद कडं, शेवटी निळा नेपच्यून. मी वर्गात त्यांचं तोंडभरून कौतुक केलं.

चौथ्या दिवशी ते शाळेच्या दारात उभे. हातात पांढऱ्या रंगाचा डबा, चेहरा उतरलेला.

“केतकी मॅडम, माझ्याकून गलती झाली. युरेनस बुजवायचा हाय.”

“का हो, चाँदभाई?”

“खिडकी अन् नळाच्या पायपाच्या मधात जागाच उरली न्हाई. मंग त्याचं कडं उभंच काढलं मी. तीन दिस झाले, जेवण गोड लागून न्हाई राहिलं. लेकरं तसंच शिकतील ना.”

मला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ते गिळलं. मोबाईलवर युरेनसचा दुर्बिणीतून घेतलेला फोटो काढून दिला. ग्रह कुशीवर कलंडलेला, कडं जवळपास उभं. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे फिरतात, हा आपला आडवा लोळत.

“तुम्हाला ठाऊकच असेल असं वाटलं मला. मुलांनाही सांगितलं, चाँदभाईंनी अभ्यास करून काढलंय म्हणून.”

त्यांनी फोटो मोठा करून दोनदा बघितला. मग पायरीवरच बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर मोकळे हसले. माझाही जीव भांड्यात पडला; ती भिंत पुसली असती तर मी भांडलेच असते.

चहा अर्धा झाला आणि त्यांचं हसू थांबलं.

“मॅडम, जवळा बाजारकडच्या एका शाळेत जागा लई होती.”

“मग?”

“तिथं आडवं काढलंय. सोमवारी परीक्षा हाय त्यांची.”

उरलेला चहा तसाच ठेवून त्यांनी पांढरा डबा उचलला. “आणला ते बरंच झालं,” म्हणाले आणि गाडीला किक मारली.