आक्कांना मिळालेलं आजोळ

गेल्या महिन्यात आमच्या सासूबाई गेल्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. त्या सकाळी वेळापूरहून एवढी माणसं सोलापूरला येऊन थडकली, की शेजारीण माझ्या कानाशी लागली, “अहो, आक्कांना तर कुणीच नव्हतं ना?” रडता रडता मला अभिमानच वाटला... नव्हतं खरंच. आक्कांनी शोधलं.

जन्मल्यावर वर्षभरातच आई गेली, पाठोपाठ वडील. सांगोल्याकडच्या चुलत्यांनी वाढवलं. पण त्यांचं आक्कांच्या आजोळाशी बिनसलेलं, त्यामुळे त्या गावाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. आक्कांच्या लग्नात पाठीशी मामा म्हणून शेजारचा माणूस उभा राहिला. ते त्यांना वर्षानुवर्षं सलत राहिलं. दुष्काळात चुलती वारली आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो निघाला. खुर्चीत बसलेली तरुण बाई, शेजारी डोळ्यांवर पटका आलेला पोरगा, मागे पडद्यावर रंगवलेला जिना आणि हरीण. बाईची हनुवटी थेट आक्कांची!

पुढे नणंदेचं लग्न ठरवायचं म्हणून तिचा फोटो काढायला आम्ही शहरातल्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. आक्कांनी पदराआडून तो फोटो काढून म्हाताऱ्या फोटोग्राफरपुढे धरला. ते हसायलाच लागले. “हे हरीण मीच रंगवलंय, लहानपणी. वडील हा पडदा फक्त वेळापूरच्या जत्रेत लावायचे.”

दुसऱ्याच दिवशी आक्का मला घेऊन वेळापूरच्या एस.टी.त बसल्या. देवळापुढच्या पारावर म्हातारी माणसं बसली होती. फोटो हातोहात फिरला. एक आजोबा मात्र तो सोडेनात.

“ह्यो पटका माज्या बाचा हाय,” ते म्हणाले. “फोटूसाटी माज्या डोक्यावर ठिवलेला. सारका डोळ्यांवर यायचा... आन् ही आमची गोदाक्का. तुमाला कुटं गावला ह्यो?”

“माजी आई हाय ती,” आक्का म्हणाल्या.

आजोबा काठी न घेताच उठले. “तू गोदाक्काची लेक? आगं, चुलत्यानं तुला दावलीच न्हाय की आमाला!” सगळा पार उठून उभा राहिला. त्या दिवशी पन्नाशीच्या आक्का मामाच्या दारात लहान पोरीसारख्या हुंदडल्या. मामींनी खणानारळानं ओटी भरली.

नणंदेच्या लग्नात आक्का हटून बसल्या, पाठीशी माझाच मामा उभा राहणार! सत्तरीकडे झुकलेले मामा नवरीमागे ताठ उभे राहिले, आणि आक्का मांडवभर सांगत फिरल्या, “ह्यो माजा मामा. लई लांबनं आनलाय.”

फोटो त्यांनी माजघरात लावला होता. तेव्हापासून आरशाकडे त्या फिरकल्याच नाहीत. रोज सकाळी फोटोच्या काचेत बघूनच कुंकू लावायच्या, आईच्या चेहऱ्यावर आपला चेहरा बरोबर बसवून. काचेच्या कडेला त्यांच्या बोटाचा लाल ठसा आहे... त्या गेल्यावर, परवा दिवाळीला सारं घर धुतलं. तेवढी काच मी पुसली नाही.